साध्या मजकुरातली रोजनिशी वेबपानावर टाकताय? या चुका टाळा

रोजनिशी साध्या टीएक्सटी फाइलमध्ये लिहिणं हा फार शहाणपणाचा निर्णय. घोळ होतो तो ती पानावर चढवताना, आणि मराठीत सगळ्यांत मोठा घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीचा.

पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसतोय, मधूनच जपानी येनचं चिन्ह डोकावतंय? घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ब्राउझर ते तिन्ही सुटे वाचतोय. येन उमटतो तो दुसरी वेलांटी, उकार, मात्रा यांच्या जागी. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये, हेड या सुरुवातीच्या भागात, अगदी वर मेटा चारसेट यूटीएफ-८ हा टॅग लिहा. ते पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवं. नुसती टीएक्सटी चढवली असेल तर मेटा टॅगचा उपयोग नाही, चारसेट सर्व्हरच्या हेडरमधून, म्हणजे सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या माहितीतून पाठवा.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र आधी मूळ फाइल उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर ती कधीतरी 'आन्सी' या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आणि अक्षरं गेली; बॅकअप शोधा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं. त्याआधीच्या मशीनवर सेव्ह करताना एन्कोडिंग स्वतः निवडा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या नोंदी आधी युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नका, रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर बसतात.

सगळ्या ओळी एकमेकींना चिकटल्या? एचटीएमएल एंटर मोजत नाही. मजकूर प्री टॅगमध्ये ठेवा आणि सीएसएसमध्ये (पानाच्या मांडणीच्या नियमांत) व्हाइट-स्पेसला प्री-रॅप द्या, नाहीतर मोबाइलवर लांब ओळी पडद्याबाहेर जातात. अर्धंच वाक्य दिसत असेल तर मजकुरात 'पेक्षा लहान'चं चिन्ह आहे का बघा. त्याला लागून रोमन अक्षर असेल तर ब्राउझर त्याला टॅग समजतो.

एचटीएमएल टॅगमध्ये लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी, असं जरूर लिहा. काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. आपल्या रोजनिशीत आपलाच ल हवा.

फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या. 'दैनंदिनी' एवढं नाव लिंक कॉपी केल्यावर ७२ चिन्हांचं होतं.

आणि घरच्यांची नावं, फोन नंबर, आजारपणं चढवण्याआधीच काढा. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नंतर पुसलेली ओळ जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या नोंदवलेल्या आवृत्तीत, तशीच राहते; रिपॉझिटरी (फाइलींचा तो साठा) सार्वजनिक असेल तर कोणालाही दिसते. बॉटना, म्हणजे पानं आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामना, 'इकडे येऊ नका' सांगणारी रोबोट्स टीएक्सटी फाइल हे कुलूप नव्हे. ते न जुमानणारे बॉट भरपूर आहेत. खासगी नोंदींसाठी वेगळा फोल्डर करा आणि तो त्या रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा.