तेलाचा बॉयलर काढण्याआधी: आमचा घोळ तुम्ही करू नका

जुन्या घराला ऊब देणारा तेलाचा बॉयलर काढायचा ठरवलाय? मग दरपत्रकं नंतर मागवा. आधी कडाक्याच्या थंडीचा आठवडा गाठा आणि रेडिएटरला (खोली तापवणाऱ्या, गरम पाणी फिरणाऱ्या धातूच्या पॅनेलला) जाणारं पाणी सत्तर-पंचाहत्तरवरून 55 अंशांवर आणा. दोन-तीन दिवस, रात्रंदिवस. कुठली खोली गारठते ते लिहून ठेवा. आम्ही भर उन्हाळ्यात उत्साहाने बॉयलर उपटला, हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारं यंत्र) बसवला, आणि पहिल्याच हिवाळ्यात दोन खोल्यांत कानटोपी घालून बसलो. तिथले रेडिएटर लहान होते. पाणी 65 वर न्यावं लागलं. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट ऊब देतो ते कोमट पाण्यावर. पाणी तापवत नेलंत की बिल चढलंच. शेवटी नवी फरशी उखडून रेडिएटर बदलले.

तीन वर्षांची तेलाची बिलं काढा. एका लिटरमध्ये साधारण 10 युनिट उष्णता असते. 2,000 लिटर जळत असेल तर 20,000. जुना बॉयलर पाचवा हिस्सा वाया घालवतो असं धरलं तर घराला लागतात 16,000. बॉयलरच्या पाटीवरचा किलोवॅटचा आकडा मात्र विसरा. जुने बॉयलर बहुधा गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात, आणि काही ठेकेदार तोच आकडा उतरवून काढतात. उष्णतेच्या गळतीचा हिशोब खोलीवार मागा. देत नसेल तर दुसरा माणूस शोधा.

पोटमाळ्याचं इन्सुलेशन, दारा-खिडक्यांच्या फटी: आधी. जुन्या दगडी-विटांच्या भिंतींना आतून घाईने काही चिकटवू नका, ओल कोंडून बुरशी येते. आणि हे सगळं झाल्यावर? 55 ची चाचणी पुन्हा. हो, पुन्हा. बॉयलर जागेवर आहे तोवरच ती जमते.

चाचणीत दोन-तीनच खोल्या नापास झाल्या तर तिथले रेडिएटर मोठे करा. सगळं घरच नापास झालं आणि भिंतींना हात लावता येत नसेल, तर लाकडी पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा, बॉयलर बघा. तो गरम पाणी मुकाट्याने देतो. पण एक लिटर तेलामागे दोन किलो पेलेट, म्हणजे वरच्या हिशोबाने वर्षाला 4 टन, तेही कोरड्या जागेत. शिवाय राख काढायची. गॅसची पाइपलाइन दारात असली तरी जळणाच्या भावाची टांगती तलवार तीच. नुसते विजेचे हीटर बसवायला स्वस्त, पण 16,000 च्या 16,000 युनिट मीटरवर. क्वचित वापरायच्या खोलीपुरते ठीक.

उरलेलं भराभर. अंघोळीचं पाणीही तोच बॉयलर तापवत होता, तर नव्या टाकीला जागा ठेवा. विजेचा मंजूर भार तपासा. बाहेरचं यंत्र शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको. तेलाची टाकी जाणकाराकडूनच रिकामी करून घ्या आणि भरायचा पाइपही काढायला लावा. टाकी नसलेल्या घरात चुकून तेल सोडल्याचे प्रकार घडलेले आहेत. ठेकेदाराला तारीख देण्याआधी 55 ची वही हातात हवी. नसेल तर पुढच्या थंडीपर्यंत थांबा.