चालता चालता सातचा हिशेब: घरातल्या ज्येष्ठांची चाल कशी तपासाल

मी सांगलीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. "सासूबाई चालतात की चांगल्या," असं गावभागापासून विश्रामबागपर्यंत सगळ्या सुना सांगतात. असतीलही. मी त्यांना चालताना डोकं चालवायला लावते. लक्ष वाटून देण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो. त्याची ताकद घटली की जोडीला दुसरं काम येताच पाऊल रेंगाळतं.

सोप्यात किंवा गच्चीवर सहा मीटरवर खडूच्या दोन रेघा मारा. दोन फुटी फरशी असेल तर साधारण दहा फरश्या. पहिल्या रेघेच्या चार पावलं आधीपासून चालायला लावा आणि दुसरीच्याही पुढे जाऊ द्या. दोन रेघांमधली वेळ मोबाईलवर लावा. एकदा गप्प, नेहमीच्या चालीनं. मग शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्यानं: 93, 86, 79...

शाळा न शिकलेल्या आजींना प्राण्यांची नावं घ्यायला सांगा, नाहीतर फाल्गुनापासून चैत्रापर्यंत उलटे महिने. पाढे, हरिपाठ मात्र नको. ते ओठांवरच असतात, डोक्याला कामच पडत नाही. आमच्याकडचे जुने आजोबा पावकी म्हणत उलट जोरात सुटतात! चालणं आणि हिशेब, दोन्हींकडे सारखं लक्ष द्यायला सांगा. हिशेब चुकला तर टोकू नका. शेजारून एकानं हाताच्या अंतरावर चालायचं, कारण बोलायला लागल्यावर थबकणारे ज्येष्ठ जास्त पडतात, हे स्वीडनमध्ये 1997 सालीच दिसलं होतं.

आता आकडेमोड. गप्प चालताना 6 सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला 1 मीटर. बोलताना 8 सेकंद, म्हणजे 0.75. घट 25 टक्के. कॅनडातल्या 2017 च्या अभ्यासात 20 टक्क्यांपेक्षा जास्त घट असलेल्यांना पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याचा धोका जास्त दिसला. पण ती माणसं आधीच सौम्य विस्मरणाची होती. तुमच्या चांगल्या ठणठणीत काकांना लगेच तो शिक्का मारू नका.

गुडघे, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, बी-12 ची कमतरता यांनीही आकडा बिघडतो. म्हणून आठवड्यानं, त्याच चपला घालून पुन्हा बघा. घट तेवढीच राहिली आणि त्यात किल्ल्या, पैसे, गॅस यांचा घोळ असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. जाताना मोजलेल्या दोन्ही वेळांचे आकडे आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.