डीव्हीडी रायटर घेताय? आधी मामांचा प्लेअर आठवा

लग्नाचं शूटिंग डीव्हीडीवर उतरवून मामांना द्यायचंय? रायटर, म्हणजे कोऱ्या चकतीवर फाइल उतरवणारं यंत्र, कुठला घ्यायचा याचा फार घोळ घालू नका. यूएसबीवर चालणारे बहुतेक रायटर ‘मायनस’ (डीव्हीडी-आर) आणि ‘प्लस’ (डीव्हीडी+आर) दोन्ही चकत्या लिहितात. खोक्यावर ‘डीव्हीडी±आर’ दिसलं की झालं. गोची होते ती कोऱ्या चकतीत.

प्लेअर जुना असेल तर डीव्हीडी-आर घ्या. हा प्रकार १९९७चा, प्लस-आर नंतर आला, म्हणून जुनी यंत्रं मायनसलाच जास्त सरावलेली. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते खरी, पण तिच्यावरून लेझरचा प्रकाश कमी परततो आणि म्हातारा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो.

४.७ जीबीच्या चकतीवर विंडोज ४.३७च दाखवतं. दुकानदाराशी भांडू नका, मोजायची रीत वेगळी आहे. ८.५ जीबीची ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांची चकती मिळते, पण महाग.

नुसती एमपी४ फाइल कॉपी केली तर जुना प्लेअर बहुधा ढिम्म हलणार नाही. चकती लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ निवडा, लिहिण्याचा वेग ८एक्स ठेवा आणि शेवटी फायनलाइज करा, म्हणजे चकती इतर प्लेअरवरही लागेल अशी पूर्ण करा. मी एकदा ते विसरलो, चकती फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर लागायची!