ट्रस्ट केला, सातबारा मात्र बापाच्याच नावावर: कौटुंबिक ट्रस्ट करताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात उदगीरकडचा एक पोरगा पिशवी घेऊन माझ्याकडं आला. पिशवीत पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेलं ट्रस्टचं पत्र, खाली नोटरीचा गोल शिक्का, आणि ताजा सातबारा. "वकीलसाहेब, अण्णांनी धाकट्यासाठी ट्रस्ट करून ठेवलाय. आता पुढं काय करायचं?" धाकट्याला जन्मापासून व्यवहार कळत नाही. अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, जाऊन आठ महिने झाले होते आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. कागद दोनदा वाचला, त्याला आधी चहा पाजला. कारण सांगायचं होतं ते एवढंच, की ट्रस्ट झालेलाच नाही.

घरच्या माणसांसाठीच्या खासगी ट्रस्टला भारतीय न्यास अधिनियम, 1882 लागू होतो. त्याचं कलम 5 सांगतं की शेत, घर, प्लॉट ट्रस्टमध्ये घालायचा तर सहीचा लेखी दस्त हवा आणि तो नोंदवलेला हवा. नाहीतर मृत्युपत्रातून करावं लागतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडं हजर करायचा असतो. त्यापुढं कलम 6 आहे: हेतू, लाभार्थी (ज्यांच्या भल्यासाठी ट्रस्ट आहे ते) आणि मालमत्ता स्पष्ट लिहा, आणि मालमत्ता विश्वस्तांच्या, म्हणजे ती त्यांच्यासाठी सांभाळणाऱ्यांच्या, हवाली करा. स्वतःच विश्वस्त झालात तर हस्तांतर लागत नाही, पण नोंदणी सुटत नाही. दस्त झाला की फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायचा, अर्ज द्या. ट्रस्टला कंपनीसारखं वेगळं अस्तित्व नसतं, म्हणून मालमत्ता विश्वस्त म्हणून माणसांच्याच नावावर चढते.

आणि हो, धर्मादाय कार्यालयात हेलपाटे घालू नका. ते सार्वजनिक ट्रस्टसाठी, म्हणजे देवस्थान, शाळा, दवाखाना. घरातल्या चौघांच्या भल्यासाठी केलेल्या ट्रस्टचं तिथं काही काम नाही.

सगळ्यात जास्त भांडणं जिथून निघतात ती चूक वेगळीच आहे. वडिलोपार्जित जमीन कर्ता परस्पर ट्रस्टमध्ये घालतो. त्याला घालता येते ती स्वकष्टाची. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलांइतकाच मुलींचाही जन्मापासून हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं तो दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, बाप हयात असायची गरज नाही. "पोरी पंचमीला येतील तेव्हा सह्या घेऊ" हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. घ्या, पण कशावर सही करायलीस ते आधी तिला वाचून दाखवा. आधी रीतसर वाटणी, मग ट्रस्ट.

मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. इथं शेतजमिनीला अजून 1950 चा हैदराबादचा कूळ कायदा लागतो. पुण्यातला सीए भाचा विश्वस्त करायचा मोह होतो. तो शेतकरी नसेल तर अडचण येऊ शकते. घरात इनामी, म्हणजे जुन्या राजवटीत इनाम मिळालेली, जमीन असेल तर जुने कागद काढल्याशिवाय हात लावू नका. ती विकायची, द्यायची मुभा आहे का, तेच आधी ठरवावं लागतं. आणि शेतजमीन ठेवायची 54 एकर कोरडवाहूची कायद्यातली कमाल मर्यादा ट्रस्टच्या आडोशानं चुकते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

"ट्रस्ट करतो, पण मनात आलं की मोडीन" असं म्हणणारे बरेच. मोडायचा अधिकार दस्तातच राखून ठेवला तर उत्पन्न करासाठी तुमच्याच नावावर धरलं जातं. राखला नाही, तर सज्ञान लाभार्थी सगळे राजी झाल्याशिवाय मोडणं अवघड. लाभार्थ्यांचे वाटे न लिहिता "विश्वस्तांना योग्य वाटेल तसं" लिहिलं, तर बहुतेक वेळा सर्वोच्च दरानं कर बसतो. शेतीच्या उत्पन्नाला हा घोर नाही. गावातल्या गाळ्यांच्या भाड्याला आहे. माझं मत विचाराल तर ज्या घरात सगळी पोरं धडधाकट आहेत, तिथं नोंदवलेलं मृत्युपत्र पुरतं.

अण्णांच्या घरी मात्र ट्रस्टच हवा होता, हीच गोष्ट मला जास्त लागली. आता त्यांची स्वकष्टाची जमीन आई, दोन भाऊ आणि बहीण यांच्यात समान गेली, म्हणजे धाकट्याचा वाटा थेट त्याच्याच नावावर आला. बाकीचे तिघं आपापला वाटा नव्या नोंदवलेल्या दस्तानं त्याच्यासाठी ट्रस्टमध्ये घालू शकतात. त्याच्या वाट्यावर सही कोण करणार? त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तो टाइप करताना पोरगा समोर बसला होता, पिवळा पडलेला तो पाचशेचा स्टॅम्प घडी घालत. "हा कागद जोडायचा का, साहेब?" म्हणाला. जोड म्हटलं, अण्णांच्या मनात काय होतं ते तरी दिसेल.