घरचा कोंबुचा बिघडतो कुठे? सुरुवातीच्या या चुका टाळा

कोंबुचा म्हणजे यीस्ट आणि जीवाणूंनी आंबवलेला गोड चहा. पहिल्यांदा तो लावणाऱ्याचा सगळा जीव वर धरणाऱ्या बुळबुळीत चकतीत, म्हणजे स्कोबीत, अडकलेला असतो. स्कोबी जाड आहे की पातळ, तरंगतेय की बुडाली, मध्ये भोक का पडलं? खरं तर ती चकती म्हणजे जीवाणूंनी तयार केलेला सेल्युलोजचा थर. ती नसली तरी कोंबुचा होतो, बुडाली तर वर दुसरी येते. ज्याच्यावाचून अडतं ते तिच्यासोबत आलेलं, आधीच्या खेपेचं आंबट पाणी. तेच इथलं विरजण, आणि नवशिक्यांच्या बऱ्याच बरण्या त्यातल्या काटकसरीने फसतात.

गोड चहा उघड्यावर ठेवला की बुरशी धरणारच. तो आंबट झाला की बुरशीला थारा उरत नाही, पण तेवढं आंबायला काही दिवस जातात. मधले दिवस विरजण निभावून नेतं. म्हणून 1 लिटर चहाला किमान 100 मिली, पहिल्या खेपेला 150 मिली घाला. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या असतील तर विरजण मिसळल्यावर लगेच तपासा: आकडा 4.5च्या खाली हवा (जितका कमी, तितकं आंबट). ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात स्कोबी मोठी आणि पाणी जेमतेम असेल, तर 3 लिटरची बरणी भरायचा मोह आवरा. 50 मिली पाणी आलं असेल तर 350 मिली चहाच लावा. तो मुरला की त्यातून पुढची मोठी बरणी. विरजण काढताना वरच्या भागातलं घ्या, तळाशी यीस्टचा गाळ असतो. आणि स्कोबी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत जीवाणू सुस्तावतात आणि पुढच्या खेपेला बुरशीचं फावतं.

चहा आणि साखर

1 लिटर पाण्याला 70 ग्रॅम साखर आणि 5-6 ग्रॅम चहा हे प्रमाण धरून चाला. आपल्याकडे घरोघरी असते ती सीटीसी पूड चालते, पण 4 ग्रॅम पुरे, आणि दुधाच्या चहासारखी खळखळ उकळायची नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, पूड टाकून 5 मिनिटं झाका, गाळा. नाहीतर जो तुरटपणा उतरतो तो शेवटपर्यंत जात नाही. दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानांचा चहा मिळाला तर चव जास्त स्वच्छ येते. आलं, वेलची, गवती चहा, तयार मसाला चहा या टप्प्यात नको; त्यांतली सुगंधी तेलं जीवाणूंना मानवत नाहीत. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर आधी ते 10-15 मिनिटं उघडं उकळा.

साखर कमी करणं ही हौसेने होणारी चूक. साखर यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल होतं आणि त्या अल्कोहोलचं जीवाणू ॲसिड करतात. पहिल्याच पायरीला हात आखडला तर पुढे आंबायचं काय? कमी गोड हवा असेल तर दोन दिवस जास्त ठेवा. गूळ आणि मध हात बसल्यावर करून बघा. स्टीव्हियावर मात्र यीस्ट जगत नाही.

विरजण घालायच्या आधी पातेलं हाताला पूर्ण गार लागलं पाहिजे, कोमटसुद्धा नको. रात्री चहा करून झाकून ठेवावा आणि सकाळी लावावा, घाई होत नाही.

बरणी आणि फडकं

चहा उकळायला स्टील ठीक, आंबवायला काच. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम अजिबात नाही. आजीची चिनी मातीची बरणी कितीही देखणी असली तरी तिच्या झिलईत शिसं असेल तर ते आंबट पाण्यात उतरतं, आणि आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. घट्ट झाकण लावू नका, ॲसिड करणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. पण विरळ मलमलही कामाची नाही, तिच्यातून चिलटं आत शिरून अंडी घालतात. जुन्या सुती चादरीचा दुपदरी तुकडा आणि घट्ट रबर बँड पुरतो. बरणी कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी किंवा पिकत ठेवलेल्या फळांजवळ ठेवू नका.

बुरशी की स्कोबी?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर पांढरट ठिपके येतात, ते पसरून एकमेकांना जोडले जातात, खाली तपकिरी धागे लोंबतात, मध्ये बुडबुडे अडकून उंचवटे होतात. हे सगळं ठीक आहे. धागे यीस्टचे असतात. शंका आली तर बरणी न हलवता बाजूने टॉर्च मारा. जे ओलं, चकचकीत आणि पाण्याला चिकटून आहे ती नवी स्कोबी. जे कोरडं आहे, केसाळ आहे आणि पृष्ठभागावर उभं राहिलंय ती बुरशी, मग रंग पांढरा असो, हिरवा असो की काळा. पातळ, सुरकुतलेला पण केस नसलेला पांढरा पापुद्रा हा रानटी यीस्टचा. तो घातक नसतो, पण चव बिघडवतो आणि पुढच्या बरणीतही येतो.

बुरशी असेल तर चहा, स्कोबी, विरजण सगळं फेका. लोणच्यावरची बुरशी काढून खालचं वापरायची सवय आपल्याकडे आहे. इथे ती ठेवू नका. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन दुसरीकडून नवं विरजण आणा.

ऋतू बघा

"7 ते 14 दिवस" हा सल्ला विदर्भातल्या मे महिन्याला लागू नाही. घरात 35 अंश असताना पाचव्या दिवशीच दात आंबू शकतात. चौथ्या दिवसापासून चव घ्या, स्वच्छ चमच्याने. उष्टा चमचा पुन्हा बरणीत नको. पुण्या-नाशिकच्या थंडीत उलट होतं, बरणी थंड ओट्यावर नुसती बसून राहते. तेव्हा विरजण वाढवा आणि ती बंद कपाटात उबेला ठेवा. कोकणातल्या पावसात फडकं दमट लागलं की बदला. गावाला जाऊन आल्यावर फार आंबट झालेला कोंबुचा बिघडलेला नसतो. व्हिनेगरसारखा कोशिंबिरीत वापरा.

बाटल्या

खरा धोका इथे आहे. तयार कोंबुचा बाटलीत भरून, फळ घालून ती बंद केली की आत वायू साठतो, आणि हापूसचा रस घातला असेल तर उन्हाळ्यात एक दिवसही जास्त होतो. सरबताच्या किंवा दारूच्या चौकोनी काचेच्या बाटल्या हा दाब सोसण्यासाठी बनलेल्याच नसतात, त्या फुटतात. सुरुवातीला सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरा: दाबून बघा, टणक लागली की फ्रिजमध्ये. वर दोन बोटं जागा सोडा आणि उघडताना गार बाटली सिंकमध्ये धरा. कोकम घालायचं तर आगळ नको, त्यात मीठ असतं; बिनमिठाची सालं घ्या.

किती प्यायचा?

1995 मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात दोन महिने रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक दगावली. कोंबुचानेच झालं हे सिद्ध झालं नाही. निरोगी माणसाला दिवसाला साधारण 120 मिलीने अपाय होऊ नये, असं तिथल्या आरोग्य यंत्रणेने तेव्हा म्हटलं होतं. म्हणजे लहान पेलाभर. घरच्या बाटलीत अल्कोहोल अर्ध्या टक्क्यावरही जाऊ शकतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि दारू वर्ज्य असलेल्यांना देऊ नका. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा किडनी-यकृताचे उपचार चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.