मानसिक आजाराचा खरा खर्च कसा काढायचा

खर्च म्हटलं की आपण आधी डॉक्टरची फी आणि गोळ्यांची बिलं शोधतो. ती लिहाच, थेरपीचे सेशन, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं वहीत उतरवा. पण खरी गळती बऱ्याचदा दुसरीकडेच असते.

ती शोधायला कामाचे दिवस मोजा. समजा महिन्यात २२ दिवस काम आहे आणि डिप्रेशनमुळे ३ दिवस रजा पडली, ती सगळ्यांना दिसते. उरलेले १९ दिवस माणूस जागेवर असतो, लॅपटॉप उघडा असतो, पण तोच मेल चौथ्यांदा वाचतोय, उत्तर टाइप करतोय, परत खोडतोय, आणि चार तासांत जेमतेम तीन तासांचं काम होतंय. म्हणजे पाव हिस्सा गेला. १९ चा पाव पावणेपाच, अधिक ३, झाले पावणेआठ दिवस! रजेच्या रेकॉर्डवर मात्र तीनच.

आता कुणाच्या खिशातून गेले ते बघा. पगारी रजा असेल तर तो भार कंपनीचा, रोजंदारी किंवा स्वतःचा धंदा असेल तर सगळा आपलाच. एकच रक्कम दोन्हीकडे धरू नका, हिशोब इथेच फुगतो.

घरच्यांचा रकाना वेगळा ठेवा. सोबत जायला घेतलेली अर्धी सुट्टी, नाकारलेलं प्रमोशन, रात्रीची जागरणं (याला भाव कसा लावणार, नुसते तास लिहा). लेट फी, कर्जावरचं व्याज, बायपोलर आजाराच्या मेनियात (म्हणजे मन अतिउत्साहात ताबा सोडतं त्या काळात) झालेली खरेदी हेही लिहा, पण आजाराचं लक्षण म्हणून, उधळपट्टी म्हणून नाही, नाहीतर ही वही पुढच्या भांडणात पुरावा म्हणून निघते.

समाजाचा हिशोबही असाच, फक्त आकडे डोळे फिरवणारे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की डिप्रेशन आणि अँक्झायटीमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, म्हणजे जवळपास १ लाख कोटी डॉलरची उत्पादकता गेली. आणि सरकारं मानसिक आरोग्यावर घालतात किती, तर आरोग्य बजेटच्या सरासरी २ टक्के. याच संघटनेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात या दोन आजारांच्या उपचारावर घातलेल्या १ डॉलरमागे ४ डॉलर परत येतात असं निघालं होतं, तरी हात आखडताच, काय बोलायचं.

घरात पैसे वाचवायचे म्हणून गोळ्या परस्पर बंद करायचा विचार असेल तर आधी एका बाजूला उपचाराचा महिन्याचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला त्या पावणेआठ दिवसांची कमाई मांडून बघा. खर्च तरीही झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा, स्वस्तातली जेनेरिक गोळी असते का विचारा. तीन महिन्यांनी हेच रकाने नव्या पानावर परत भरा.