शेतातलं खत तळ्यात का जातं? या चुका टाळा

आभाळ भरून आलं की शिवारात युरियाच्या गोण्या फुटायला लागतात. "पाऊस यायच्या आत फोकून घेऊ, पाणीच मुरवेल." दरवर्षी हे ऐकतो आणि दरवर्षी जीव तुटतो.

युरिया पाण्यात लगेच विरघळतो. जोराची सर आली तर उताराने निघून जातो. मुरला, तरी मातीतले जिवाणू काही दिवसांत त्याचं नायट्रेट करतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋणच, म्हणून माती त्याला धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतं. रान चिबडलं, म्हणजे पाणी साचून राहिलं, तर नत्र (नायट्रोजन) वायू होऊन हवेत जातं.

जालना जिल्ह्यात दुधना नदीकाठी आमचं रान आहे. पुतण्यानं कपाशीला तीन गोण्या भरदुपारी फोकल्या, संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २१ किलो, त्यातलं किती पिकाला मिळालं असेल? गढूळ पाणी खालच्या, प्लास्टिकचा कागद न अंथरलेल्या शेततळ्यात गेलं. मातीच्या कणांना चिकटलेलं स्फुरदही (फॉस्फरस) त्यासोबत गेलं. पंधरा दिवसांत पाणी हिरवंगार झालं. पोरगा खूश, "काका, माशांना आयतं खाद्य झालं!"

एका पहाटे त्याचा फोन आला. जाऊन पाहिलं तर कटला-रोहू तोंडं वर काढून हवा गिळत होते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तोच ओढतं. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरलाही संपतो. उन्हं वर येईस्तोवर पांढरी पोटं तरंगत होती. त्याच आठवड्यात वरची कपाशी पिवळी पडायला लागली.

मी पाऊस होऊन जाऊ देतो. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली, की खत ओळीशेजारी मातीआड करतो, तेही दोन-तीन हप्त्यांत. पेरणी उताराला आडवी. तळ्यात पाणी शिरतं तिथलं दहा-बारा फूट गवत कधीच काढत नाही, माती तिथंच अडते. मजूर जास्त लागतात, हे मान्य. पण घाईनं वाचवलेला एक दिवस पुढं हंगामभर भरावा लागतो.

शेवाळ दिसताच मोरचूद (कॉपर सल्फेट) ओतू नका. सगळं एकदम मरतं, एकदम कुजतं आणि मासे आणखी लवकर जातात.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) पेटवणं मला बघवत नाही. नत्र आणि गंधक धुरात जातं. पालाश (पोटॅश) राखेत उरतं, ते पहिला जोराचा पाऊस नाल्यात नेतो, तिथून दुधना, पूर्णा, गोदावरी. बारीक कुट्टी करून रानातच पसरा.

उकिरडा उघडा ठेवू नका. पावसात त्याच्याखालून वाहणारं तांबूस पाणी म्हणजे विरघळलेलं खतच. खड्डा करा, वर मातीचा थर द्या.

उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढाल तेव्हा तो हलक्या मुरमाड रानात पसरा. भारी काळ्या रानात जाड थर दिला तर निचरा बिघडतो.